अण्णांच्या गळ्यातली पिशवी: मानेतून काढायची, की तोंडातून जायचं?

प्रश्न

माझे वडील, अण्णा, ७६ वर्षांचे आहेत. कोल्हापूरजवळच्या गावी राहतात. दोन-अडीच वर्षांपासून त्यांना घास अडकतो. जेवून तास-दोन तास झाले की न पचलेलं अन्न तोंडात परत येतं. सकाळी उशीवर रात्रीच्या भाताची शितं सापडतात. पाणी पिताना गळ्यात गुडगुड वाजतं, म्हणून त्यांनी लग्नकार्यात पंगतीला बसणं सोडलंय. वजन ९ किलोंनी उतरलं. गेल्या थंडीत न्यूमोनिया होऊन दोनदा अ‍ॅडमिट करावं लागलं. बरेच दिवस अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालल्या. आता बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रे फोटोत अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाशी साडेपाच सेंटिमीटरची पिशवी दिसली आहे. एक सर्जन म्हणतात, मानेतून ऑपरेशन करून पिशवी काढू. दुसरे म्हणतात, तोंडातून दुर्बीण घालून स्टेपलरने करू, पिशवी काढायची गरजच नाही. १४ महिन्यांपूर्वी अण्णांना हृदयात स्टेंट बसवलाय, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. पुण्यातला भाऊ म्हणतो, या वयात चिरफाड नको, पातळ खाऊन राहतील. आमच्या नात्यातल्या एका काकूंच्या अन्ननलिकेतल्या पिशवीचं ऑपरेशन पोटातून झालं होतं, मग अण्णांचं मानेतून का? आम्ही काय करावं?

उत्तर

ताई, आधी तुमच्या भावाचा मुद्दा घेतो. दोन सर्जनांपेक्षा घरातलं हे एक मत ऑपरेशन जास्त लांबवेल असं पत्रावरून वाटतं.

अण्णांना खरा धोका घास अडकण्याचा नाही. तो त्रास आहे. धोका उशीवरच्या त्या शितांमध्ये आहे. रात्री आडवं झालं की पिशवीतलं अन्न उलटं घशात येतं. त्यातलं थोडं उशीवर पडतं, थोडं श्वासनलिकेत उतरतं. दोन न्यूमोनिया बहुधा तिथूनच आलेत. आता 'पातळ खाऊन राहतील' हे ऐकायला सोयीचं आहे, पण पातळ पदार्थही त्याच पिशवीत साठतात आणि फुफ्फुसात जायला घट्ट अन्नापेक्षा सोपे असतात. ९ किलो वजन गेलेल्या माणसाला पेजेवर ठेवलं तर पुढच्या न्यूमोनियाशी झुंजायला अंगात काही उरणार नाही.

वयाचं म्हणाल, तर हा आजारच म्हातारपणाचा. चाळिशीच्या आत क्वचितच दिसतो, बहुतेक रोगी साठी-सत्तरी ओलांडलेले, आणि बायकांपेक्षा पुरुष जास्त. म्हणजे हे ऑपरेशन करणाऱ्याला अण्णांच्या वयाचेच रोगी भेटत असतात. पिशवी लहान असेल आणि त्रास काहीच नसेल, तर आम्हीही हात लावत नाही. अण्णांच्या बाबतीत दोन्ही नाही. चार सेंटिमीटरच्या वरची पिशवी साधारणपणे मोठी धरतात आणि यांची साडेपाच आहे. कुठल्याही गोळीने ती लहान होत नाही. त्यामुळे माझं मत सरळ आहे: हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ 'हो' म्हणत असतील तर ऑपरेशन करून घ्या, आणि पुढची थंडी येण्याआधी.

आता पिशवी होते कशी, ते समजून घ्या. दोन सर्जन दोन वेगळ्या गोष्टी का सांगतात, हे त्यावरच ठरतं.

घसा संपून अन्ननलिका सुरू होते तिथे एक आडवा स्नायू असतो, क्रिकोफॅरिंजियस. एरवी तो आवळलेला असतो. घास गिळताना क्षणभर सैल पडतो, घास खाली गेला की पुन्हा आवळतो. काही लोकांत वयानुसार तो ताठर होतो, गिळताना पुरता उघडत नाही. वरून घशाचे स्नायू जोर लावतात, खाली दार अर्धवट बंद. दाब वाढतो. आणि नेमकं या स्नायूच्या वर, मागच्या बाजूला, स्नायूंच्या थरात एक नाजूक त्रिकोणी जागा जन्मतः असते. तिला किलियनचा त्रिकोण म्हणतात. टायरला चीर पडली की आतली ट्यूब तिथून फुगून बाहेर येते ना, तसं घशाचं आतलं अस्तर त्या जागेतून मागे ढकललं जातं आणि वर्षानुवर्षं दाब बसून त्याची पिशवी होते.

जर्मनीतल्या एर्लांगेनचे पॅथॉलॉजिस्ट फ्रीडरिश आल्बर्ट फॉन झेंकर यांनी १८७७ साली फॉन त्सीमसेन यांच्यासोबत या पिशव्यांचा अभ्यास मांडला, आतल्या दाबाने त्या होतात हे सांगितलं. म्हणून अण्णांच्या रिपोर्टवर 'झेंकर्स डायव्हर्टिक्युलम' असं लिहिलेलं असेल. काटेकोर बोलायचं तर ही पिशवी अन्ननलिकेची नाहीच, घशाच्या तळाची आहे. पण सगळेच तिला अन्ननलिकेची म्हणतात, तुम्हीही म्हणा.

पिशवी मोठी झाली की आणखी एक वाईट गोष्ट होते. ती अन्ननलिकेच्या मागे खाली लोंबू लागते आणि तिचं तोंड घशाच्या सरळ रेषेत येतं. मग घास आधी पिशवीत पडतो. पिशवी भरली की तीच पुढच्या अन्ननलिकेला दाबते. अण्णांना पहिले चार घास बरे जातात आणि मग अडकायला लागतं असं होत असेल, तर त्याचं कारण हे. तोंडाला येणारा वास, गुडगुड, मध्येच ठसका, सगळं या साठलेल्या अन्नामुळे.

आणि गोळ्यांचंही बघा. स्टेंटच्या गोळ्या, बीपीची गोळी पिशवीतच अडकून राहते का? अशा रोग्यांत कालची गोळी आज तोंडात आलेली दिसते. अण्णांना विचारा. तसं होत असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना आजच कळवा, ऑपरेशनची वाट बघू नका. मनाने गोळ्या कुटून मात्र देऊ नका, काही गोळ्या कुटायच्या नसतात.

तर मूळ दोष त्या आवळलेल्या स्नायूचा. पिशवी हा परिणाम. नुसती पिशवी कापून स्नायू तसाच ठेवला, तर दाब तोच राहतो. टाक्यांच्या जागी गळती होण्याची किंवा काही वर्षांनी पिशवी पुन्हा होण्याची भीती वाढते. जुन्या सर्जनांनी हा अनुभव घेतलाय. म्हणून कुठल्याही सर्जनला पहिला प्रश्न हाच विचारा: "तुम्ही स्नायू कापणार ना?" मानेतून असो, तोंडातून असो, उत्तर 'हो'च यायला हवं. त्याला मायोटॉमी म्हणतात. तुमच्या दोन्ही सर्जनांच्या बोलण्यात हे असणार, फक्त तुमच्या कानावर 'पिशवी काढू' आणि 'पिशवी काढायची गरज नाही' एवढंच पडलं.

तोंडातून करायच्या पद्धतीत पोटावर, मानेवर कुठेच छेद नसतो. पूर्ण भूल देऊन तोंडातून दोन पात्यांची एक कडक दुर्बीण घालतात. तिचं एक पातं अन्ननलिकेत, दुसरं पिशवीत, आणि मधे दोघांची सामायिक भिंत. हा दोषी स्नायू त्याच भिंतीत असतो. स्टेपलरने भिंत कापली की दोन्ही कडांना त्याच वेळी पिना बसतात. भिंत गेली की पिशवी आणि अन्ननलिका एकच पोकळी होते, अन्नाला अडून बसायला खड्डा उरत नाही. काम थोडक्या वेळात होतं. बहुतेकांना एक-दोन दिवसांत पातळ खायला देऊन घरी सोडतात. हृदयरोगी म्हाताऱ्या माणसाला कमी वेळाची भूल ही मोठीच जमेची बाजू.

ही कल्पना नवी नाही. बॉस्टनच्या हॅरिस मोशर यांनी १९१७ मध्येच तोंडातून भिंत कापायला सुरुवात केली होती, पण कापलेल्या जागेतून जंतू छातीत उतरून एक रोगी दगावला आणि त्यांनी ते सोडून दिलं. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती, पिना मारणारं यंत्र नव्हतं. १९६० मध्ये स्वीडनच्या डोलमन आणि मॅटसन यांनी विजेने कापायची पद्धत पुन्हा उभी केली आणि १९९३ पासून स्टेपलर आला. आज जगात बऱ्याच ठिकाणी पहिली निवड हीच असते.

पण अडचणी आहेत, आणि त्या अण्णांना लागू होतात का ते डोळ्यांनी बघूनच कळतं. दुर्बीण कडक असते. तोंड मोठं उघडावं लागतं, मान मागे जावी लागते. मानेचा स्पाँडिलोसिस असेल, जबडा लहान असेल, वरचे दात पुढे असतील, तर दुर्बीण जागेवर बसत नाही. काही वेळा हे भूल दिल्यावरच समजतं. म्हणून दुसरा प्रश्न: "दुर्बीण बसली नाही तर त्याच भुलेत मानेतून कराल का? संमतीपत्रावर दोन्ही लिहिणार का?" हे आधी ठरलेलं बरं. एकदा भूल, मग शुद्धीवर आणणं, मग पुन्हा चर्चा, पुन्हा भूल, हे अण्णांच्या हृदयाला परवडणारं नाही. शिवाय या पद्धतीत त्रास परतण्याचं प्रमाण मानेतून केलेल्या ऑपरेशनपेक्षा जास्त आहे. परतला तर पुन्हा तोंडातूनच करता येतं, ही त्यातली बरी गोष्ट.

इथे एक सूचना, कारण यावरून घरोघरी घबराट होते. तोंडातून केल्यावर पिशवी शरीरातच राहते. सहा महिन्यांनी कोणी पुन्हा बेरियमचा फोटो काढला तर ती दिसणारच. अण्णा नीट जेवत असतील, ठसका नसेल, वजन चढत असेल, तर फोटोकडे बघून 'ऑपरेशन फसलं' असं समजू नका.

मानेतून करतात तेव्हा बहुधा डाव्या बाजूला छेद घेतात, कारण पिशवी सहसा डावीकडे झुकलेली असते. आधी स्नायू कापतात, अगदी खाली अन्ननलिकेच्या सुरुवातीपर्यंत. मग पिशवीचं काय करायचं ते तिच्या आकारावर ठरतं. लहान पिशवी नुसती सोडून दिली तरी आपोआप विरते. मोठी असेल तर मुळाशी कापून काढतात. त्या वेळी अन्ननलिकेत जाड नळी ठेवतात, म्हणजे पिशवीसोबत अन्ननलिकेचं अस्तर ओढलं जाऊन ती अरुंद होत नाही. तिसरा मार्ग म्हणजे पिशवी कापायचीच नाही, ती उलटी करून, तोंड खाली आणि तळ वर, मणक्यासमोरच्या पडद्याला टाके घालून टांगायची. अस्तर उघडलंच नाही, तर गळती कुठून होणार? अशक्त रोग्यात मला हा मार्ग आवडतो. पण पिशवी फारच मोठी असेल तर टांगायला जागा पुरत नाही.

मानेतल्या ऑपरेशनची बलस्थानं दोन: काम पक्कं होतं, आणि काढलेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते. जुन्या, मोठ्या पिशवीत कर्करोग सापडल्याची उदाहरणं आहेत. ती विरळा आहेत, त्यामुळे झोप उडवून घेऊ नका. तोंडातून करणारे सर्जनही भिंत कापण्याआधी पिशवीचं अस्तर नीट बघून घेतात. उणी बाजू म्हणजे धोके. टाक्यांतून लाळ मानेत झिरपणं, ती छातीत उतरून जंतुसंसर्ग होणं, जखमेत रक्त साठणं. आणि स्वरयंत्राची नस. ती अन्ननलिकेला चिकटूनच जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो आणि पाणी पिताना ठसका लागतो, म्हणजे ज्यासाठी ऑपरेशन केलं तेच पुन्हा. बहुतेक वेळा नस ताणली गेलेली असते, ती काही आठवड्यांत-महिन्यांत सावरते. स्वरयंत्र आधीपासून नीट हलतंय का, हे ऑपरेशनपूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून पाहून घ्या.

आता अण्णांना कोणतं? साडेपाच सेंटिमीटर ही अशी मधली जागा आहे, जिथे दोन्ही सर्जन बरोबर असू शकतात. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान पिशवीत स्टेपलरला धरायला पुरेशी भिंत मिळत नाही. तो प्रश्न इथे नाही. पिशवी छातीत खोल उतरली असती तर मी मानेतूनच म्हटलं असतं. न्यूमोनिया, स्टेंट आणि घटलेलं वजन बघता, तोंड आणि मान नीट उघडत असतील तर मी आधी तोंडातून करायच्या बाजूने आहे. पण यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे करणाऱ्याचा हात. हा आजार रोज दिसणारा नाही. दोघांनाही संकोच न करता विचारा की ही पद्धत तुम्ही वर्षातून किती वेळा करता. जो सर्जन मानेतून नेहमी करतो आणि स्टेपलरने क्वचित, त्याच्याकडून मानेतूनच करून घ्यावं. त्याला स्टेपलरचा आग्रह धरण्यात काही अर्थ नाही.

मोठ्या शहरांतल्या काही पोटविकार केंद्रांत साध्या लवचिक एंडोस्कोपने, मान न ताणता, हीच भिंत कापतात. दोन्ही पद्धती अण्णांना झेपणार नाहीत असं भूलतज्ज्ञ म्हणाले, तर या पर्यायाची चौकशी करा.

काकूंचं वेगळं होतं. त्यांची पिशवी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जठराच्या वर असणार. ती बहुतेकदा खालच्या झडपेच्या किंवा अन्ननलिकेच्या हालचालीच्या बिघाडामुळे होते. तिथे लॅपरोस्कोपीने पोटातून जाऊन पिशवी काढतात, खालचा स्नायू कापतात आणि आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग थोडा गुंडाळून देतात. दोघांचं तत्त्व एकच, पत्ता निराळा.

स्टेंटच्या दोन गोळ्यांबद्दल हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या: कोणती बंद, किती दिवस आधी, पुन्हा कधी सुरू. १४ महिने उलटलेत, ही चांगली गोष्ट. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटनंतर पहिले काही महिने दोन्ही गोळ्या थांबवणं धोक्याचं असतं. अनेकदा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी पाचेक दिवस आधी थांबवून अ‍ॅस्पिरिन चालू ठेवतात. पण अण्णांपुरतं ते तेच ठरवतील, तुम्ही किंवा मी नाही.

भूलतज्ज्ञाला भेटल्यावर पहिलं वाक्य पिशवीचं बोला. रात्रभर उपाशी ठेवलं की जठर रिकामं होतं, ही पिशवी होत नाही. भूल देताना तिच्यातलं अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून आधीचा एक-दोन दिवस फक्त पातळ आहार देतात आणि डोकं उंच ठेवून भूल देतात. आणखी एक: मधल्या काळात अण्णा पुन्हा आजारी पडून दुसऱ्याच हॉस्पिटलात गेले, तर नाकातून नळी घालण्याआधी किंवा एंडोस्कोपी करण्याआधी तिथल्या डॉक्टरांना पिशवीबद्दल सांगायलाच हवं. आंधळेपणाने घातलेली नळी पिशवीत शिरून तिला भोक पाडू शकते. एक चिठ्ठी लिहून अण्णांच्या पाकिटात ठेवा.

तोवर जेवण ताठ बसून, लहान घास, मधे पाण्याचे घोट. भाकरी आमटीत कुस्करून, मऊ खिचडी, ताक, दुधात शिजवलेली नाचणी. चिवडा, शेंगदाणे, कोरडे पोहे बंद. जेवण झाल्यावर मानेच्या डाव्या बाजूला हलका दाब देऊन पिशवी रिकामी होते का ते अण्णांना करून बघू द्या, काहींना ती युक्ती आपोआप सापडलेली असते. रात्रीचं जेवण लवकर, पलंगाचं डोक्याकडचं टोक उंच, आणि झोपण्याआधी दात घासणं. तोंड स्वच्छ असेल तर श्वासनलिकेत काही उतरलं तरी न्यूमोनियाची शक्यता कमी होते.

अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी पिशवीचं काही झालं नाही, ते होणारच नव्हतं. पण अण्णांना खरंच छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं असेल तर सर्जनला सांगा. वरचा स्नायू कापल्यावर जठरातलं आम्ल घशापर्यंत यायला एक अडसर कमी होतो.

ऑपरेशननंतर पाणी कधी द्यायचं ते सर्जन सांगतील. मानेतून पिशवी काढली असेल तर आधी गळती नाही ना याचा फोटो काढून मग सुरू करतात, तोवर नाकातल्या नळीतून आहार. पुढे आठवडा-दोन आठवडे मऊ खाणं. घसा दुखणं, किंचित ठसका चालेल. ताप, छातीत किंवा पाठीत दुखणं, धाप, वाढती नाडी, मान सुजणं, मानेची कातडी दाबली की बोटांखाली कुरकुरल्यासारखं लागणं, यांतलं काहीही दिसलं तर पाण्याचा घोटही न देता थेट ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलात न्या, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

भेटीला जाताना बेरियमची सीडी न्या, नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. पिशवीचं तोंड कुठे आहे आणि तळ किती खाली गेलाय हे सर्जनला स्वतः बघायचं असतं. स्टेपलरमध्ये भरायच्या पिनांच्या काडतुसांचा खर्च वेगळा लागतो का तेही विचारा. रेशनकार्ड सोबत असू द्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल असेल तर तिथल्या आरोग्यमित्राकडे हे ऑपरेशन बसतं का ते दाखल होण्याआधी तपासून घ्या, नंतर धावपळ होते. आणि भाऊ पुण्याहून येऊ शकत असेल तर त्या भेटीला त्याला सोबत घ्या. त्याच्या शंका त्याने सर्जनसमोर मांडाव्यात, अण्णाही तिथे असावेत, आणि शेवटचा होकार-नकार अण्णांनीच द्यावा.